कच्च्या डेटावरून रचलेला आयतालेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकल्प करणारे विद्यार्थी, सांख्यिकी शिकवणारे शिक्षक आणि ऑफिसात अहवाल बनवणारे लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय: अंटार्क्टिकातल्या पामर संशोधन केंद्राजवळच्या बेटांवर २००७ ते २००९ या काळात मोजलेले पेंग्विन. एकूण ३४४ पक्षी, तीन जाती: ॲडेली १५२, जेंटू १२४, चिनस्ट्रॅप ६८. हा डेटा फुकट मिळतो. आर या सांख्यिकीच्या भाषेत तो ४.५.० आवृत्तीपासून आतच येतो, सीबॉर्न या पायथॉनच्या आलेख-पॅकेजमध्येही एका ओळीत उघडतो. फक्त स्तंभांची नावं दोन्हीकडे जराशी वेगळी आहेत, तेवढं बघून घ्या. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची.

१. रचलेला आयतालेख म्हणजे काय? शाळेतला विभाजित स्तंभालेख तोच ना?

दिसायला तसाच, पण आडव्या अक्षात फरक आहे. विभाजित स्तंभालेखात खाली गावं, वर्षं, पिकं अशी सुटी नावं असतात. आयतालेखात खाली मोजमापाची सलग पट्टी असते. तिचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गात किती नोंदी पडल्या ते मोजायचं आणि तेवढ्या उंचीचा आयत काढायचा. रचलेल्या आयतालेखात त्या आयताचे गटांनुसार तुकडे होतात आणि ते एकमेकांच्या डोक्यावर बसतात. आयताची पूर्ण उंची म्हणजे सगळ्या गटांची मिळून वारंवारता.

पेंग्विनांच्या पंखांची लांबी घ्या. सगळे पक्षी एकत्र धरले तर आलेखाला दोन उंचवटे दिसतात, एक १९० मिमीच्या आसपास आणि दुसरा २१० च्या पुढे. दोन उंचवटे का, हे साधा आयतालेख सांगत नाही. जातीनुसार रंग देऊन रचलात की उजवीकडचा उंचवटा जवळपास पूर्ण जेंटूंचा आहे हे लगेच कळतं. रचायचं ते यासाठी: बेरजेचा आकार कशामुळे आला हे दाखवायला. बेरजेशी देणंघेणंच नसेल तर प्रश्न १६ वाचा.

२. डेटा कसा भरून ठेवू? प्रत्येक जातीचा वेगळा स्तंभ करू का?

नको. एका पक्ष्याची एक ओळ, आणि दोन स्तंभ: जात आणि लांबी. ‘ॲडेलीची लांबी’, ‘जेंटूची लांबी’ असे शेजारी शेजारी स्तंभ केले की त्यांची उंची वेगवेगळी होते, खाली रिकाम्या पेट्या राहतात, आणि उद्या बेटानुसार रचायचं म्हटलं तर सगळं पुन्हा मांडावं लागतं. मोजलेली वारंवारता सारणीही कच्च्या डेटाच्या जागी ठेवू नका. वर्गांतर बदलायची वेळ येतेच, आणि सारणीवरून मूळ आकडे परत मिळत नाहीत.

३. सुरुवात कुठल्या सॉफ्टवेअरने करावी?

जे रोज उघडता त्याने. दोन-तीन आलेखांचंच काम असेल तर एक्सेल किंवा लिबरऑफिस पुरतं. दर महिन्याला नवा डेटा येणार असेल तर पायथॉन, आर किंवा आज्ञा लिहून आलेख काढणारं ग्नूप्लॉट. एकदा लिहून ठेवलं की फाइल बदलायची आणि चालवायचं.

४. एक्सेलमध्ये ‘हिस्टोग्राम’ नावाचा आलेख आहे, पण त्यात रचण्याचा पर्याय सापडत नाही. कुठे असतो?

नसतोच. एक्सेल २०१६ पासून आलेला तो प्रकार एका वेळी एकाच मालिकेचा आयतालेख काढतो. रचायचं असेल तर मोजणी आपण करायची आणि ‘स्टॅक्ड कॉलम’ काढायचा.

ई स्तंभात वर्गांच्या खालच्या मर्यादा लिहा: १७०, १७५, १८०, असं २३० पर्यंत. वरच्या ओळीत तीन जातींची नावं. मधल्या प्रत्येक पेटीत ‘काउंटइफ्स’ हे सूत्र तीन अटींसह: जात वरच्या नावाइतकी, लांबी खालच्या मर्यादेइतकी किंवा जास्त, आणि लांबी खालची मर्यादा अधिक ५ पेक्षा कमी. डॉलरची चिन्हं नीट लावलीत तर एकदा लिहून ओढता येतं. तेरा ओळी भरल्या की तिन्ही स्तंभांची बेरीज करा. ॲडेली १५१, चिनस्ट्रॅप ६८, जेंटू १२३, एकूण ३४२ आली पाहिजे. (३४४ का नाही? प्रश्न १२.) ती आल्याशिवाय आलेखाकडे वळू नका.

मग ‘स्टॅक्ड कॉलम’ काढा आणि ‘गॅप विड्थ’ शून्य करा. इथे दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. एक, ई स्तंभातले आकडे एक्सेल चौथी मालिका समजतं आणि १७०-१८० उंचीचे खांब उभे करतं. त्या स्तंभाच्या डोक्यावरची कोपऱ्यातली पेटी रिकामी ठेवली की बहुधा सुटतं, नाहीतर मालिका हाताने काढून टाका. दोन, वर्गांची नावं म्हणून ‘१०-१२’ असं इंग्रजी आकड्यांत लिहिलंत की एक्सेल त्याची तारीख करतं. ‘१० ते १२’ लिहा.

पिव्होट टेबलनेही जमतं: लांबी ओळींत, जात स्तंभांत, मग लांबीवर राइट क्लिक करून ‘ग्रुप’. पण ज्या वर्गात एकही नोंद नाही तो पिव्होट गाळतो आणि आडवी पट्टी गुपचूप आखडते. ‘शो आयटम्स विथ नो डेटा’ चालू करायला विसरू नका.

५. पायथॉनमध्ये तिन्ही जातींसाठी ‘हिस्ट’ तीनदा चालवलं. खांब रचले न जाता एकमेकांना झाकतात, आणि रुंदीही वेगवेगळी येते. का?

कारण मॅटप्लॉटलिबच्या (‘हिस्ट’ ज्यातून येतं त्या पायथॉनच्या आलेख-पॅकेजच्या) लेखी ते तीन स्वतंत्र आयतालेख आहेत. प्रत्येक वेळी ते त्या जातीची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत बघून मधल्या अंतराचे दहा वर्ग पाडतं. ॲडेलीची लांबी १७२ ते २१०, जेंटूची २०३ ते २३१. म्हणजे एकाचा वर्ग ३.८ मिमीचा, दुसऱ्याचा २.८ मिमीचा. असे खांब एकावर एक ठेवताच येणार नाहीत.

तिन्ही जातींच्या याद्या एका यादीत घालून ‘हिस्ट’ एकदाच बोलवा. ‘बिन्स’ मध्ये संख्येऐवजी सीमांची यादी द्या, १७० पासून २३५ पर्यंत पाच-पाचने, आणि ‘स्टॅक्ड’ ला ‘ट्रू’. रंग आणि नावं त्याच क्रमाने. सीबॉर्नच्या ‘हिस्टप्लॉट’ मध्ये याद्या वेगळ्या काढाव्या लागत नाहीत. ‘ह्यू’ ला जातीचा स्तंभ आणि ‘मल्टिपल’ ला ‘स्टॅक’ द्यायचं. ते दिलं नाही तर तिथेही खांब एकमेकांवर सांडतात, कारण मुळात ठरलेला पर्याय ‘लेयर’ हा आहे.

अजून एक. रचलेल्या ‘हिस्ट’ मधून परत मिळणारे आकडे चढत्या बेरजेचे असतात. दुसऱ्या ओळीत चिनस्ट्रॅपची वारंवारता नसते, तर ॲडेली अधिक चिनस्ट्रॅप असते. तेच आकडे खांबांवर छापले की आलेख बरोबर आणि आकडे चूक, असा प्रकार होतो. छापायचे आकडे नमपाय या पायथॉनच्या गणिताच्या पॅकेजमधल्या ‘हिस्टोग्राम’ ने वेगळे मोजा.

६. आरमध्ये तर आपोआप रचलं जातं. मग काय बघायचं?

जीजीप्लॉट या आरच्या आलेख-पॅकेजच्या ‘जिऑम हिस्टोग्राम’ मध्ये ‘फिल’ ला जात दिली की रचणं फुकटात मिळतं, खरंय. पण वर्ग तीस पाडले जातात आणि त्यांच्या सीमा कुठे पडतील याचा भरवसा नाही. ‘बिनविड्थ’ ५, ‘बाउंडरी’ १७० आणि ‘क्लोज्ड’ ला ‘लेफ्ट’, हे तिन्ही स्वतः द्या.

आणि आलेखाचा ठरावीक भागच दाखवायचा असेल तर ‘एक्सलिम’ वापरू नका. ते मोजणीच्या आधीच बाहेरच्या नोंदी फेकून देतं, शिवाय कडेचे खांबही उडवतं. ‘कोऑर्ड कार्टेशियन’ नुसतं भिंग फिरवतं, मोजणीला हात लावत नाही.

७. ग्नूप्लॉटमध्ये ‘विथ हिस्टोग्राम्स’ लिहिलं तर ३४२ काड्या उभ्या राहिल्या. मोजणी कुठे गेली?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि दोष नावाचा आहे. ग्नूप्लॉटची ‘हिस्टोग्राम्स’ शैली मोजत नाही. तिला आधीच मोजलेली सारणी लागते. प्रत्येक ओळ तिच्यासाठी एक खांब. ‘रोस्टॅक्ड’ लावलंत तर एका ओळीतले आकडे एकमेकांवर चढतील, पण मोजून ती सारणी तुम्हीच आणायची. शिवाय आडवा अक्षही मोजपट्टी राहत नाही, ओळींचा क्रमांक होतो.

कच्च्या डेटावरून थेट काढायचं असेल तर ती शैली सोडा आणि ‘स्मूथ फ्रीक्वेन्सी’ व ‘विथ बॉक्सेस’ ही जोडी धरा. आधी वर्ग ठरवणारं सूत्र: किमतीला ५.० ने भागा, ‘फ्लोअर’ (खालचा पूर्णांक) घ्या, पुन्हा ५ ने गुणा, त्यात २.५ मिळवा. म्हणजे १८३ ची नोंद १८२.५ या मध्यबिंदूवर जाऊन बसते. ‘यूजिंग’ मध्ये पहिला आकडा हा मध्यबिंदू आणि दुसरा १. ‘स्मूथ फ्रीक्वेन्सी’ एकाच मध्यबिंदूवरचे सगळे १ मिळवून देते. ‘बॉक्सविड्थ’ ५ ठेवा.

आता रचणं. जातीनुसार गाळायला बरेच जण ‘नसेल तर नॅन’ (नॅन म्हणजे ‘आकडा नाही’) अशी अट लिहितात आणि प्रत्येक जातीची वेगळी सारणी काढून त्या जोडायला बसतात. जोडताना ओळी जुळत नाहीत, कारण २०० च्या खालचे वर्ग जेंटूंच्या सारणीत येतच नाहीत. त्यापेक्षा दुसऱ्या आकड्याच्या जागी अट घाला: जात जुळली तर १, नाहीतर ०. शून्य मिळवलं तरी वर्ग जागेवर राहतो. मग एकाच ‘प्लॉट’ आज्ञेत तीन थर लिहा. सर्वांत आधी तिन्ही जातींची बेरीज, जेंटूच्या रंगात. तिच्यावर ॲडेली आणि चिनस्ट्रॅप यांची बेरीज, चिनस्ट्रॅपच्या रंगात. शेवटी एकट्या ॲडेली. मागच्या थराचा जेवढा भाग उघडा राहतो तेवढीच त्या जातीची वारंवारता, आणि आडवा अक्ष खऱ्या मिलिमीटरमध्ये शाबूत. रंग मात्र पूर्ण भरीव हवेत; अर्धपारदर्शक ठेवलेत तर खालचा थर वर झिरपतो.

फाइलची पहिली ओळ नावांची असेल तर ‘स्किप १’. किमती शून्याच्या खाली जात असतील तर ‘फ्लोअर’ च्या जागी ‘इंट’ वापरू नका. ‘इंट’ शून्याकडे कापतं, त्यामुळे शून्याच्या दोन्ही बाजूंचे वर्ग एकत्र होऊन तिथला खांब दुप्पट फुगतो.

८. वर्गांतर किती ठेवावं? काही नियम आहे का?

नियम आहेत, आणि प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो. स्टर्जेसचा नियम (१९२६) फक्त नोंदींची संख्या बघतो: ३४२ नोंदींना दहा वर्ग. फ्रीडमन आणि डायकोनिस यांचा (१९८१) मधल्या निम्म्या नोंदींचा पसारा बघतो. आपल्या पेंग्विनांचा तो १९० ते २१३, म्हणजे २३ मिमी. त्यावरून वर्गांतर येतं सुमारे ६.६ मिमी.

पण हे ६.६ जसंच्या तसं घेऊ नका. लांबी पूर्ण मिलिमीटरमध्ये मोजलेली आहे. ६.६ चे वर्ग पाडले तर काही वर्गांत सहा पूर्णांक पडतील आणि काहींत सात, आणि सातवाले वर्ग उगाच उंच दिसतील. वर्गांतर अजून लहान घेतलं, समजा १.५, तर आळीपाळीने एक आणि दोन पूर्णांक येऊन आलेखाचा कंगवा होतो. वर्गांतर मोजमापाच्या सूक्ष्मतेच्या पूर्ण पटीत हवं: इथे ५, ६ किंवा ७. नियमाचं उत्तर कुठल्या टापूत पाहायचं ते सांगतं, एवढंच.

९. बरोबर सीमेवरची किंमत कोणत्या वर्गात जाते? एक्सेलचं आणि आरचं उत्तर जुळत नाही.

जुळणार नाही, कारण रिवाज वेगळे आहेत. शाळेतल्या असमावेशक पद्धतीत २१० ही किंमत २१०–२१५ मध्ये जाते. मॅटप्लॉटलिब आणि नमपाय हेच करतात, फक्त शेवटच्या वर्गात वरची सीमाही धरतात. आरचं ‘हिस्ट’ आणि जीजीप्लॉट आपणहून उलटं करतात: २१० खालच्या वर्गात. एक्सेलचं ‘फ्रीक्वेन्सी’ हे सूत्रही आरच्या बाजूचं. प्रश्न ४ मधलं ‘काउंटइफ्स’ आपण स्वतः लिहितो, म्हणून ते असमावेशक ठेवता येतं.

पूर्णांकांच्या डेटावर हा फरक मोठा दिसतो, कारण सीमेवर बऱ्याच नोंदी असतात. भांडणच मिटवायचं असेल तर वर्ग सलग करताना शाळेत करतो तेच करा: सीमा अर्ध्यावर सरकवा, १६९.५, १७४.५, १७९.५. पूर्णांक सीमेवर येतच नाही आणि सगळी सॉफ्टवेअरं एकच उत्तर देतात.

१०. दशांशातल्या मोजमापात सीमा सरळ दिली, रिवाजही ठाऊक आहे, तरी काही नोंदी एक वर्ग खाली जातात. बग आहे का?

बग नाही, संगणकाची दशांशं. ०.३ भागिले ०.१ हे पायथॉनमध्ये करून बघा: ३ येत नाही, २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं. त्याचा ‘फ्लोअर’ २. म्हणजे ०.३ ची नोंद ०.२ च्या वर्गात. पेंग्विनांच्या चोचीची लांबी ०.१ मिमीपर्यंत मोजलेली आहे, तिथे हे अधूनमधून होणारच. एकतर किमतींना १० ने गुणून पूर्णांकात गोल करा, नाहीतर सीमा अर्ध्यावर सरकवा (प्रश्न ९).

११. संख्येऐवजी शेकडेवारी दाखवायची आहे. कशाची शेकडेवारी घेऊ?

तीन अर्थ निघतात. सगळ्या ३४२ पक्ष्यांना शंभर धरलं तर आलेखाचा आकार तोच राहतो, फक्त उभ्या अक्षाचे आकडे बदलतात. हे निर्धास्त करा. मॅटप्लॉटलिबमध्ये ‘डेन्सिटी’ आणि ‘स्टॅक्ड’ दोन्ही दिले की तिन्ही जातींचं मिळून क्षेत्रफळ १ होतं, म्हणजे याच जातकुळीतलं.

दुसरा अर्थ, प्रत्येक वर्गालाच शंभर धरायचं. जीजीप्लॉटमध्ये ‘पोझिशन’ ला ‘फिल’, सीबॉर्नमध्ये ‘मल्टिपल’ ला ‘फिल’. शाळेतला शतमान स्तंभालेख तो हाच. २०५–२१० मिमीच्या पक्ष्यांत जेंटू किती टक्के, हे त्यातून वाचता येतं. मात्र दोन पक्ष्यांचा वर्ग आणि साठ पक्ष्यांचा वर्ग सारखेच उंच दिसतात. त्यामुळे खाली वर्गवार संख्या लिहिलेली नसेल तर मी असा आलेख अहवालात जाऊ देत नाही.

तिसरा अर्थ, प्रत्येक जातीला तिच्यापुरतं शंभर धरून मग रचायचं. याची बेरीज ३०० टक्के होते आणि तिला काही अर्थ नाही. हे करू नका.

१२. ३४४ पक्षी होते, आलेखात ३४२ च आहेत. दोन कुठे गेले?

एका ॲडेलीची आणि एका जेंटूची लांबी नोंदलेलीच नाही. जीजीप्लॉट दोन ओळी काढल्याचा इशारा देतं. बाकीचे मुकाट गाळतात किंवा अडून बसतात. आपण आधीच गाळा आणि आलेखाखाली संख्या लिहा.

मोजमाप आहे पण गट माहीत नाही, हा प्रकार वेगळा. ११ पक्ष्यांचा लिंगाचा रकाना रिकामा आहे, त्यांतल्या ९ पक्ष्यांची लांबी मोजलेली आहे. लिंगानुसार रचताना त्यांना गाळलंत तर बेरीज प्रत्येक आलेखात वेगळी येईल. त्यांचा ‘नोंद नाही’ असा करड्या रंगाचा थर सर्वांत वर ठेवा.

१३. तळाशी कोणाला ठेवायचं?

ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याला. सपाट तळ फक्त खालच्या थराला मिळतो, म्हणून त्याचाच आकार नीट वाचता येतो. जीजीप्लॉट पहिल्या क्रमांकाचा गट सर्वांत वर ठेवतं, मॅटप्लॉटलिब सर्वांत खाली. सॉफ्टवेअर बदललंत की क्रम उलटतो. रंगांची सूची आणि थर यांचा क्रम एकच राहील हे बघा. आणि लाल-हिरवं शेजारी नको.

१४. काही खांब फार उंच आहेत. उभा अक्ष लॉगमध्ये घेऊ?

रचलेल्या आलेखात नाही. समजा खाली १० आणि वर ९० आहेत. १ पासून सुरू होणाऱ्या लॉग पट्टीवर (समान अंतराला दहापट वाढणाऱ्या) १० अर्ध्या उंचीवर येतात आणि १०० पूर्ण उंचीवर. म्हणजे दहाचा थर आणि नव्वदचा थर अगदी सारखे दिसतात. क्रम बदलून ९० खाली घेतले तर दहाचा थर जेमतेम रेघ उरतो. आडवा अक्ष लॉगमध्ये घ्यायला हरकत नाही, वर्गही लॉगवरच समान पाडा.

१५. वर्ग असमान असतील तर?

मग उंची म्हणजे वारंवारता भागिले वर्गांतर, प्रत्येक थरासाठी. नाहीतर २० मिमीचा वर्ग शेजारच्या ५ मिमीच्या वर्गापुढे विनाकारण दांडगा दिसतो. एक्सेलच्या स्तंभालेखात खांबांची रुंदी वेगवेगळी करता येत नाही, त्यामुळे तिथे हा नाद सोडा.

१६. कधी रचूच नये?

मधल्या गटाचा आकार दाखवायचा असेल तेव्हा. चिनस्ट्रॅप ॲडेलींच्या खांद्यावर बसतात. त्यांचा तळच वाकडा, आकार कसा वाचणार? एकाखाली एक तीन छोटे आयतालेख काढा, आडवा अक्ष तिन्हींना एकच ठेवा. गट चार-पाचच्या वर गेले तरी हेच.

१७. मराठी लेबलं दिली की चौकोन येतात. फॉन्ट बदलला तर ‘विद्यार्थी’ मधली वेलांटी व-च्या मागे जाते.

दोन वेगळे आजार आहेत. चौकोन येतात कारण मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित दिलात की अक्षरं दिसतात. पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणणं आणि जोडाक्षर जुळवणं हे फॉन्टचं एकट्याचं काम नाही, अक्षरं मांडणाऱ्या यंत्रणेचं आहे. मॅटप्लॉटलिबच्या आतापर्यंतच्या बहुतेक आवृत्त्या ते करत नाहीत.

सोपी वाट: ‘एसव्हीजी’ मध्ये साठवा, ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ ला ‘नन’ द्या, म्हणजे मजकूर मजकूरच राहतो. ती फाइल ब्राउझरमध्ये किंवा इंकस्केपमध्ये उघडली की वेलांटी जागेवर येते. ग्नूप्लॉटची ‘पीएनजीकैरो’ आणि ‘पीडीएफकैरो’ ही टर्मिनलं (चित्र साठवण्याचे प्रकार) पँगो ही अक्षरं मांडणारी यंत्रणा वापरतात, तिथे ही अडचण येत नाही. आरमध्ये ‘रॅग’ पॅकेजने साठवा.

१८. आकडेच देवनागरीत भरलेत. मोजणी शून्य येते.

पायथॉनचं ‘फ्लोट’ देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं. आरचं ‘ॲज न्यूमेरिक’ वाचत नाही, ग्नूप्लॉटही नाही. भरलेल्या स्तंभात ‘फाइंड अँड रिप्लेस’ दहा वेळा चालवा, अंकागणिक एकदा. मग प्रश्न ४ मधली बेरजेची तपासणी पुन्हा करा.

१९. सर्वेक्षणाच्या डेटात प्रत्येक ओळीला भार दिलेला असतो. मग मोजायचं कसं?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या डेटात प्रत्येक कुटुंबासोबत गुणक येतो: हे एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने बोलतंय तो आकडा. तिथे ओळी मोजायच्या नाहीत, गुणकांची बेरीज करायची. मॅटप्लॉटलिबमध्ये ‘वेट्स’ (इथेही प्रत्येक गटाची वेगळी यादी, लांबी डेटाइतकीच), जीजीप्लॉटमध्ये ‘वेट’, एक्सेलमध्ये ‘काउंटइफ्स’ च्या जागी ‘समइफ्स’. ग्नूप्लॉटमध्ये प्रश्न ७ मधल्या अटीत १ च्या ऐवजी गुणकाचा स्तंभ लिहा, ० तसंच ठेवा. उभ्या अक्षावर आता अंदाजित कुटुंबं असतील. प्रत्यक्षात पाहिलेली कुटुंबं किती, ते वर्गवार वेगळं द्या. एखादा उंच खांब तीनच कुटुंबांवर उभा असू शकतो.